सोसायटीच्या पाच कार्यालयांचं नेटवर्क : जून-जुलै २०२५ च्या कामाच्या नोंदी

२ जून, सोमवार. शहापूर

आजपासून काम हातात घेतलं. मुख्य कार्यालय इथं बेळगावच्या शहापुरात, शाखा चार : वडगाव, खानापूर, नंदगड, जांबोटी. मॅनेजर साहेबांची तक्रार एका वाक्याची होती, "संध्याकाळ झाली की सगळं अडकतं." संध्याकाळी पिग्मी एजंट (रोजची छोटी बचत गोळा करणारे) गल्ल्या फिरून परततात आणि आपापल्या यंत्रातला दिवसाचा हिशेब चढवायला रांग लावतात. नेमकं तेव्हाच पासबुक प्रिंटर थांबतो आणि काउंटरवर लोक खोळंबतात.

काउंटरमागे खाली बसून वायरी मोजल्या. सत्तावीस निघाल्या. त्यातल्या नऊ वायरींचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसतीच लोंबत होती. स्विच (वायरी एकत्र जोडणाऱ्या पेट्या) पाच, पाचही साधे, आतली कुठलीच गोष्ट ठरवता न येणारे. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी. एक तर फायलींच्या कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली होता आणि हात लावला तर चांगलाच तापलेला. काउंटर, कॅमेरे, प्रिंटर, साहेबांचा वायफाय, पिग्मीची यंत्रं, सगळं एकाच १९२.१६८.१ च्या घरात, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात, नांदतंय. कुणीतरी एकदा जोडलं आणि पुढं प्रत्येकानं आपापली वायर खोचत नेली.

स्विच काय करतो ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या नोंदी त्यावरच उभ्या आहेत. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. एखाद्या पोर्टवरून (वायर खोचायच्या भोकातून) फ्रेम, म्हणजे माहितीचं पाकीट, आली की स्विच तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि 'हा पत्ता या दारावर' अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. पुढं त्या पत्त्यावर काही आलं की फक्त त्याच दाराला देतो. पत्ता माहीत नसेल तर सगळ्या दारांवर ओरडतो. नोंद वापरात नसली की बहुतेक स्विच पाच मिनिटांनी ती पुसून टाकतात. पाठवणाऱ्यानं फ्रेमवर जो पत्ता लिहिला तो त्याचाच आहे का, हे मात्र स्विच विचारत नाही. जो लिहिलाय तो खरा धरतो. हा विश्वास नेटवर्कच्या जन्मापासूनचा आहे आणि मला या महिन्याभरात त्याच्याशीच झुंजायचं आहे.

४ जून, बुधवार. खानापूर

सकाळी पावणेदहाला फोन. खानापूर शाखा पूर्ण बंद. पहिल्या बसनं गेलो. दारातून आत शिरताना स्विचकडं नजर गेली आणि तिथंच कळलं : सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच ठेक्यात, न थांबता लुकलुकत होते. साधारण कामाच्या वेळी दिवे वेगवेगळे लुकलुकतात, कुठं कमी, कुठं जास्त. सगळे एका सुरात लागले की समजावं, फेरा पडलाय.

एका वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचच्या ३ आणि ६ नंबरच्या पोर्टांत होती. शिपाई मामांनी सकाळी फरशी पुसताना एक मोकळं टोक खाली पडलेलं पाहिलं आणि रिकाम्या भोकात खोचलं. "लोंबतंय म्हटलं, कुणाचा पाय अडकून पडंल," म्हणाले. माणसानं काळजीनंच केलेलं काम. चूक ज्यानं टोक मोकळं सोडलं त्याची, आणि जो स्विच असा फेरा ओळखू शकत नाही तो बसवणाऱ्याची.

फेरा पडला की काय होतं? आयपी पॅकेटला 'टीटीएल' असतं. प्रत्येक राऊटरवर (एका जाळ्यातून दुसऱ्यात पाठवणाऱ्या यंत्रावर) ते एकानं घटतं आणि शून्य झालं की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमला असं आयुष्य दिलेलंच नाही. एखादी ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची, फ्रेम ३ मधून बाहेर पडली की ६ मधून आत येते, पुन्हा सगळ्या दारांवर जाते, उलट्या बाजूनंही तसंच. ती कधी मरत नाही. काही क्षणांत अशा हजारो फ्रेमा फिरू लागतात आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही. वायर उपटली आणि तीन सेकंदांत शाखा चालू झाली.

यावरचा उपाय चाळीस वर्षं जुना आहे. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना राडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रचला. स्विच एकमेकांना 'बीपीडीयू' नावाचे छोटे निरोप पाठवतात, आपल्यातला एक मूळ म्हणून निवडतात आणि मुळाकडं जायचा एकच रस्ता उघडा ठेवून फेरा करणारे बाकीचे रस्ते बंद करतात. वायरी जाळ्यासारख्या असल्या तरी वाहतूक झाडासारखी होते. एक फांदी तुटली तर बंद रस्ता उघडतो. वायरींचं जाळं तसंच ठेवून त्यातून झाड काढायचं, ही कल्पना इतकी स्वच्छ आहे की मी ती शिकवताना दरवेळी नव्यानं खूश होतो.

मात्र इथले स्विच स्पॅनिंग ट्री जाणणारेच नव्हते. नवे घ्यावे लागतील. आज साहेबांना तसं लिहून दिलं.

७ जून, शनिवार. शहापूर

बकरी ईदची सुट्टी. कार्यालय बंद, म्हणून अदलाबदल आजच उरकली. सकाळी सातला सुरू केलं, संपायला रात्रीचे साडेआठ वाजले. मदतीला वडगावचा एक पोरगा घेतलाय, डिप्लोमा झालेला. हात चपळ आहे आणि विचारल्याशिवाय वायर कापत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मध्ये २४ पोर्टांचा एक स्विच, बाकी सगळे थेट त्याला. साखळी मोडली. मग व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली जाळी, पाडले : १० काउंटर, २० हिशेब आणि साहेब, ३० कॅमेरे, ४० पिग्मीची यंत्रं, ५० पाहुण्यांचा वायफाय, ९९ फक्त उपकरणांच्या देखभालीला. व्हीलॅनची खूण फ्रेमच्या आत चार बाइटांच्या चिठ्ठीत जाते. तिच्यातले १२ बिट क्रमांकाचे, म्हणून १ ते ४०९४ पर्यंत क्रमांक वापरता येतात. आपल्याला सहा पुरतात. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचं तर राऊटिंगमधूनच जावं लागतं आणि तिथं नियम लावता येतात. कॅमेऱ्यांना काउंटरकडं जायचं काहीच कारण नाही, म्हणून तो रस्ता बंदच.

पोरानं चांगला प्रश्न विचारला : व्हीलॅन पाडले म्हणजे झालं ना? झालं नाही. दोन पळवाटा आहेत. काही कंपन्यांच्या स्विचचे पोर्ट समोरच्याशी बोलून आपणहून ट्रंक, म्हणजे सगळे व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट, व्हायला तयार असतात. कुणी लॅपटॉपवरून 'मी पण स्विच आहे' असं सांगितलं की त्याला सगळे व्हीलॅन खुले. म्हणून प्रत्येक काउंटरचा पोर्ट कायमचा अॅक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनचा, ठेवला, ती बोलणी बंद केली.

दुसरी वाट जास्त छुपी. ट्रंकवर एक 'नेटिव्ह' व्हीलॅन असतो, ज्याच्या फ्रेमवर चिठ्ठी लावत नाहीत. मुळात तो १ नंबरचा. हल्लेखोर त्याच व्हीलॅनमध्ये बसला असेल तर तो पाकिटात पाकीट घालावं तशी फ्रेम पाठवतो : वर १ ची चिठ्ठी, आत २० ची. पहिला स्विच वरची चिठ्ठी काढून टाकतो आणि फ्रेम पुढं सोडतो, दुसऱ्याला २० ची चिठ्ठी दिसते आणि तो ती हिशेबाच्या व्हीलॅनमध्ये पोचवतो. उत्तर परत येत नाही, पण नुकसान करायला एका दिशेनं गेलेलंही पुरतं. नेटिव्हसाठी ९९८ नंबर ठेवला, त्यात एकही माणूस नाही. न वापरलेले पोर्ट सगळे ९९९ मध्ये टाकून बंद केले.

स्पॅनिंग ट्रीचं मूळ मुद्दाम ठरवलं. प्राधान्याचा आकडा जिथं तिथं ३२७६८ असतो. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच मूळ होतो आणि बरेचदा तो सर्वांत जुना निघतो. म्हणजे कोपऱ्यातला म्हातारा, मंद स्विच सगळ्या वाहतुकीचा मुखिया होऊन बसतो. मधल्या स्विचला ४०९६ दिला. काउंटरच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावला : तिथून बीपीडीयू आला तर तो पोर्ट तिथंच बंद.

आमच्या घरी यंत्रमाग होते. बाण्याचा धागा तुटला की माग तिथल्या तिथं थांबतो, नाहीतर पुढचं सगळं कापड वाया जातं. पोराला बीपीडीयू गार्ड असाच समजावला. फरक इतकाच की इथं एकच पोर्ट थांबतो, अख्खा माग थांबत नाही.

१० जून, मंगळवार. वडगाव

वटपौर्णिमा. शाखेतल्या अक्का उशिरा येणार होत्या, तेवढ्या वेळात स्विच बदलून घेतला. काही अडलं नाही.

१२ जून, गुरुवार. जांबोटी

पाऊस सुरू झालाय. या भागात एकदा लागला की उघडीप शोधावी लागते. शाखेतल्या अक्कांनी फोनवर सांगितलं, "अगा, माझ्या मशीनवर चालंना झालंय, शेजारच्या टेबलावरचं मात्र चालूलालंय की!"

गेल्यावर पाहिलं तर अक्कांच्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.० चा. आपण तो कधीच वाटलेला नाही. शोधत गेलो तर आतल्या खोलीत कुणीतरी घरचा वायफाय राऊटर आणून लावला होता, मोबाईलला रेंज येत नाही म्हणून. वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकात न घालता आतल्या बाजूच्या भोकात घातलेली. तो बिचारा राऊटर विचारेल त्याला पत्ते वाटत बसला होता.

यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटायची रीत म्हणजे डीएचसीपी, ती चार पावलांत चालते. नवं यंत्र ओरडतं, 'कुणी पत्ता देता का?' जो कुणी सर्व्हर ऐकेल तो देऊ करतो. यंत्र बहुधा पहिल्यांदा आलेला देकार धरतं, मागणी करतं आणि सर्व्हर होकार देतो. देणारा सोसायटीचा की परका, ही विचारपूस यात कुठंच नाही. अक्कांच्या यंत्राला परक्याचं उत्तर आधी मिळालं, शेजारच्याला आपलं.

इथं चूक निष्पाप होती. पण कुणी ठरवून करायचं ठरवलं तर पत्त्याबरोबर 'बाहेर जायचं दार म्हणजे मीच' आणि 'नावं मलाच विचारा' हेही वाटता येतं. मग काउंटरवरून निघालेलं सगळं आधी त्याच्या हातातून जातं. त्याआधी तो खोट्या मॅक पत्त्यांनी शेकडो मागण्या करून आपल्या सर्व्हरची पत्त्यांची पोतडी रिकामी करू शकतो, म्हणजे देकार देणारा तो एकटाच उरतो.

उपाय : डीएचसीपी स्नूपिंग. मुख्य सर्व्हरकडं जाणारा एकच पोर्ट विश्वासाचा. बाकी कुठल्याही पोर्टवरून पत्ता देऊ करणारा निरोप आला तर स्विच तो टाकून देतो. शिवाय कुठल्या मॅकला, कुठल्या पोर्टवर, कुठला पत्ता दिला याचा तक्ताही ठेवतो. तो तक्ता पुढं कामाला येणार आहे.

राऊटर आणणाऱ्याला रागावलो नाही. रेंजची अडचण खरी होती. ५० व्या व्हीलॅनवर एक वायफाय पेटी देऊन टाकली.

१७ जून, मंगळवार. टिळकवाडी, माझी खोली

आजचं काम फक्त माझ्या टेबलावर, माझ्याच तीन लॅपटॉपवर. सोसायटीच्या चालू जाळ्यावर असले प्रयोग करायचे नाहीत, हे करारातच लिहून घेतलंय.

एआरपी म्हणजे 'या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता काय?' असं विचारायची रीत. तिचं टिपण १९८२ च्या नोव्हेंबरातलं आहे, क्रमांक ८२६. त्या काळी एका जाळ्यात सगळे ओळखीचेच असायचे, म्हणून उत्तर देणाऱ्याची ओळख पटवायची सोय ठेवलीच नाही. त्याहून मोठी गोष्ट ही की प्रश्न न विचारता आलेलं उत्तरही बहुतेक यंत्रं मान्य करतात.

पहिल्या लॅपटॉपवर एआरपीचा तक्ता उघडला. दाराचा पत्ता १०.२०.१०.१, त्याच्या मॅकचे शेवटचे आकडे ४२:१७. तिसऱ्या लॅपटॉपचे शेवटचे आकडे ९०:३५. आता तिसऱ्यावरून पहिल्याला दर दोन सेकंदांनी निरोप सोडायला सुरुवात केली, '१०.२०.१०.१ म्हणजे मी'. दारालाही उलटा निरोप, 'पहिला लॅपटॉप म्हणजे मी'. पोराला म्हटलं, तक्ता पुन्हा उघड. त्यानं उघडला आणि गप्प बसला. १०.२०.१०.१ समोर ९०:३५. एका ओळीत चार आकडे बदलले होते, आणि पहिल्यावर कुठलीही सूचना, कुठलाही आवाज नव्हता. इंटरनेट पहिल्यासारखंच चालू. तिसऱ्याच्या पडद्यावर मात्र पहिल्याची पॅकेटं ओळीनं सरकत होती. चाचणीसाठी ठेवलेल्या कुलूप नसलेल्या पानावर पोरानं टाकलेला खोटा पासवर्ड तिथं अक्षर न् अक्षर वाचता आला.

"म्हणजे काउंटरवर कळलंच नसतं?" पोरगा म्हणाला. नसतं कळलं.

मग दुसरा प्रयोग. तिसऱ्यावरून खोट्या मॅक पत्त्यांचा पाऊस पाडला. टेबलावरच्या छोट्या स्विचच्या तक्त्यात ८,००० नोंदी मावतात. तक्ता भरला की नव्या पत्त्याला जागा नाही आणि ज्याची नोंद नाही त्याची फ्रेम स्विच सगळ्या दारांवर पाठवतो. म्हणजे तो जुन्या हबसारखा वागू लागतो आणि कुठल्याही दाराशी बसून इतरांचं ऐकता येतं.

शेवटी एआरपीची तपासणी चालू केली. स्विच आता प्रत्येक एआरपी उत्तर १२ तारखेच्या नोंदीतल्या त्या स्नूपिंगच्या तक्त्याशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर फेकून देतो आणि नोंद करतो. तोच हल्ला पुन्हा केला. पहिल्याच्या तक्त्यात ४२:१७ जागचं हललं नाही.

१९ जून, गुरुवार. शहापूर

काल संध्याकाळी एआरपीची तपासणी मुख्य कार्यालयात चालू केली आणि आज सकाळी चारही पासबुक प्रिंटर मुके. ही माझी चूक. प्रिंटरचे पत्ते हातानं दिलेले आहेत, ते डीएचसीपीकडून घेत नाहीत, म्हणून स्नूपिंगच्या तक्त्यात त्यांची नोंदच नाही. स्विचच्या दृष्टीनं ते चारही खोटं बोलत होते. सोमवारी लिहिलेल्या यादीत प्रिंटर होते, पण ती यादी काल उघडून पाहिली नाही. पस्तीस मिनिटं लोक पासबुकं हातात धरून उभे राहिले, त्यात पेन्शनवाले दोन आजोबा. दोघांची माफी मागितली.

प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि सर्व्हर यांच्या नोंदी हातानं घातल्या. यापुढं नियम : तपासणी चालू करण्याआधी एक दिवस सगळी यंत्रं पुन्हा पत्ता घेतील असं पाहायचं, हातानं दिलेले पत्ते वेगळे लिहायचे आणि आधी एकाच व्हीलॅनवर चालू करायचं.

२१ जून, शनिवार. खानापूर, नंदगड

पोर्ट सिक्युरिटी. काउंटरच्या पोर्टवर जास्तीत जास्त दोन मॅक पत्ते. मर्यादा ओलांडली तर पोर्ट बंद करावा की नुसती परक्याची फ्रेम टाकून नोंद करावी, यावर साहेबांशी बोलणं झालं. मी काउंटरवर बंद, पिग्मीच्या पोर्टांवर टाकून देणं असं सुचवलं. एजंट यंत्रं अदलाबदल करतात आणि संध्याकाळी सहा वाजता पोर्ट उघडायला मी खानापुरात नसतो.

२५ जून, बुधवार. जांबोटी

रात्री वीज कडाडली. शाखेची इमारत आणि मागचं गोदाम यांच्यामध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची वायर होती. तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तांब्यातून लाट आत येते. इथं फायबर टाकलं. काचेतून वीज जात नाही. अंतर सत्तर मीटरच होतं, म्हणजे तांब्याच्या शंभर मीटरच्या मर्यादेत, पण पावसाळ्यात या पट्ट्यात उघड्यावर तांबं न्यायचं नाही हे माझं ठाम मत झालंय.

दुपारी नवा प्रश्न. शाखा ते मुख्य कार्यालय आयपीसेकच्या (कुलूपबंद वाहतुकीच्या) आत जीआरई बोगदा, म्हणजे पॅकेटाभोवती दुसरं पाकीट घालून नेणारा रस्ता, टाकलाय आणि तूर्त राऊटिंग हातानं दिलंय. पिंग (उत्तर येतं का पाहायची हाक) व्यवस्थित. खात्याची शिल्लक दिसते. पण रोजकीर्द उघडायला गेलं की पडदा पांढराच राहतो. लहान काम होतं, मोठं होत नाही. अशी लक्षणं दिसली की आधी पॅकेटच्या आकाराकडं पाहावं. तुकडे करू नका असं सांगून वाढत्या आकाराचे पिंग सोडले. चौदाशेच्या थोडं पुढं गेलं की उत्तर बंद. साध्या इथरनेटवर १५०० बाइट मावतात. जीआरई त्यातले २४ खातो, आयपीसेक आणखी खातो. 'पॅकेट मोठं झालं, लहान कर' हा निरोप आयसीएमपी या सूचना देणाऱ्या रीतीतून यायला हवा, पण मधल्या फायरवॉलवर कुणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलेलं. सुरक्षेच्या नावाखाली रस्त्यावरच्या पाट्याच उखडून टाकायच्या, असला प्रकार.

२६ जून, गुरुवार. जांबोटी, मुक्काम

लाईट दोनदा गेली. संध्याकाळी ओएसपीएफ, म्हणजे राऊटरांनी आपसांत बोलून रस्ते ठरवायची रीत, चालू केलं. शेजारी दिसला, पण 'एक्सस्टार्ट'वर, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू व्हायच्या पायरीवर, अडकला. रस्ते येईनात. तासभर ऑथेंटिकेशनची किल्ली तपासली, क्षेत्र तपासलं, सगळं बरोबर. मग कालचीच गोष्ट आठवली. शेजाऱ्याला हाक मारणारा हॅलो लहान असतो, तो पोचतो. पुढं डेटाबेसचं वर्णन पाठवताना राऊटर आपला एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणारं मोठ्यात मोठं पॅकेट किती, ते सांगतो. इथं एका टोकाला १४०० दिलेला, दुसऱ्या टोकाला मूळचाच १४७६. ओएसपीएफ असला फरक खपवून घेत नाही. दोन्हीकडं १४००, टीसीपीच्या तुकड्याची कमाल १३६० केली. दोन मिनिटांत शेजारी पूर्ण जुळला, रस्ते आले आणि अक्कांनी रोजकीर्द उघडून दाखवली.

ओएसपीएफ का घेतलं तेही लिहितो. रिप ही रस्ते ठरवायची दुसरी रीत सोपी आहे, पण १५ टप्प्यांपलीकडचं त्याला अगम्य वाटतं आणि बातमी पसरायला दर ३० सेकंदांच्या फेऱ्या लागतात. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राऊटर सगळ्या जाळ्याचा नकाशा ठेवतो आणि डायक्स्ट्राच्या रीतीनं जवळचा रस्ता स्वतः काढतो. हॅलो १० सेकंदांनी, चार हॅलो चुकले की, म्हणजे ४० सेकंदांत, शेजारी मेला असं धरतो. आमच्याकडं दुसरी लाईन वेगळ्या कंपनीची आहे, तिच्यावर दुसरा बोगदा. तो जास्त खर्चाचा म्हणून ओएसपीएफमध्ये मागं ठेवलाय.

नकाशाही ऐकीवच असतो. कुणी काउंटरच्या वायरीवर लॅपटॉप लावून 'मी राऊटर, माझ्याकडून सगळीकडं जवळचा रस्ता' असं सांगू लागला तर शेजारी होऊ पाहील. म्हणून सगळे पोर्ट आधी मुके केले, फक्त दोन बोगद्यांवर ओएसपीएफला बोलू दिलं आणि तिथं एचमॅक-एसएचए २५६ ची किल्ली लावली.

३० जून, सोमवार. शहापूर

संचालकांची बैठक. चेअरमन साहेबांनी नेमका प्रश्न विचारला, "आतलं सगळं ठीक आहे. पण बाहेर रस्त्यातच आपला माल कुणी पळवला तर?"

त्यांना २४ फेब्रुवारी २००८ ची गोष्ट सांगितली. यूट्यूबनं २०८.६५.१५२.० पासूनचा १,०२४ पत्त्यांचा पट्टा, /२२, जगाला जाहीर केलेला होता. पाकिस्तान टेलिकॉमला देशाच्या आत यूट्यूब अडवायचं होतं. त्यांनी त्याच पट्ट्यातला २०८.६५.१५३.० हा २५६ पत्त्यांचा तुकडा, /२४, स्वतःकडं वळवला. तो रस्ता चुकून बाहेरही गेला आणि त्यांना जगाशी जोडणाऱ्या कंपनीनं तपासल्याशिवाय पुढं पाठवला. सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच लोकांचं यूट्यूब काळोखात गेलं.

राऊटर दोन रस्त्यांतून अधिक नेमका पत्ता सांगणारा निवडतो. साहेबांना म्हटलं, एका पाटीवर 'खानापूर तालुका' आणि दुसरीवर 'खानापूर तालुका, नंदगड, बाजारपेठ' लिहिलंय. नंदगडच्या बाजारपेठेला जाणारा माणूस दुसऱ्याच पाटीमागं जाणार, पाटी कुणी लावली हे तो विचारत नाही. इंटरनेट कंपन्या एकमेकींना रस्ते सांगतात त्या बीजीपीतही वर्षानुवर्षं असंच चाललं. आता आरपीकेआयमध्ये पत्त्याचा खरा मालक सहीनिशी सांगू शकतो की हा पट्टा अमुक नेटवर्कनंच जाहीर करावा, आणि तपासणारे राऊटर खोटी जाहिरात टाकून देतात. पण ते कंपन्यांच्या हातात, आपल्या नाही.

आपल्या हातात एवढंच : बोगदा. रस्ता वळवला गेला तरी आयपीसेकच्या किल्लीशिवाय आतलं वाचता येत नाही, बदललं तर टोकाला कळतं. काम थांबू शकतं, पैशाचा आकडा बदलू शकत नाही. चेअरमन थोडा वेळ विचारात होते. मग म्हणाले, "म्हणजे पाटीवर नाही, कुलपावर भिस्त." अगदी तेच.

४ जुलै, शुक्रवार. नंदगड, खानापूर

नंदगडचं उरलेलं काम क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूनं फायबर ओढून संपवलं. सगळ्या उपकरणांवर टेलनेट (दुरून उघड्या अक्षरांत हुकूम द्यायची रीत) बंद, फक्त कुलूपबंद एसएसएच, तेही ९९ नंबरच्या व्हीलॅनवरूनच.

दुपारी खानापुरात कर्मचाऱ्यांना दोन तास शिकवलं. निळी वायर काउंटरची, पिवळी कॅमेऱ्याची, हिरवी पिग्मीची. दोन्ही टोकांना एकच क्रमांक, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण शाखेत दोन्ही वाचणारी माणसं आहेत. शिपाई मामा शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मोकळं टोक दिसलं तर काय करायचं मग?" त्यांच्यासाठी भिंतीला एक खुंटी मारली. मोकळं टोक खुंटीला, आणि मला फोन.

१० जुलै, गुरुवार. शहापूर

आज जुनी लाईन दुपारी दोनला मुद्दाम उपटून पाहिली. खानापूरचं काम ३८ सेकंदांनी दुसऱ्या लाईनवरून सुरू झालं. पासबुक छापताना एकदा थांबलं, पुन्हा छापलं.

संध्याकाळी सव्वासहाला मामांचा फोन. "सायेब, सहा नंबरच्या भोकावरची लाईट नारिंगी झाल्या. एका एजंटानं खुंटीवरची वायर खोचली, मी ओरडायच्या आत. पण बाकी सगळं चालूलालंय." स्विचची नोंद उघडली. सहा वाजून अकरा मिनिटं, पोर्ट ६, बीपीडीयू गार्ड, बंद. वायर दोन्हीकडून काढून खुंटीला लावायला सांगितलं आणि इथूनच पोर्ट उघडला.